एकही टाका नाही

बायकोच्या दुखण्यावर नवऱ्याने लिहावं का, हे मी आधी बायकोलाच विचारलं. स्नेहल तेव्हा बाळाची ढेकर काढत होती. म्हणाली, "तुम्हीच लिहा. गाढवपणा तुमचा होता, तो मी काहून लिहू?"

म्हणून लिहितोय. टाके तिचे, गाढवपणा माझा. ज्यांच्या घरी लवकरच पाळणा हलणार आहे त्यांनी दोन्ही नीट वाचावं.

पेढे

मी रायपूरजवळ सिलतऱ्याला लोखंडाच्या एका कारखान्यात तपासनीस आहे. भट्टीतून निघालेल्या कांबी निवल्या की त्यांवरून नजर फिरवायची, चीर दिसली की खडूने खूण करायची आणि तो तुकडा कापायला पाठवायचा. कारखान्यात माझी ओळख दोन गोष्टींवरून आहे. एक, माझ्या नजरेतून चीर सुटत नाही. दुसरी, माझं डोकं. ते इतकं मोठं आहे की हेल्मेटचा पट्टा शेवटच्या भोकावर लावला तरी हेल्मेट डोक्यावर बसत नाही, नुसतं ठेवल्यासारखं दिसतं.

तर मुलगी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी हा ठेवलेल्या हेल्मेटचा माणूस पेढ्यांचा डबा घेऊन भट्टीपासून कँटीनपर्यंत हिंडला. प्रत्येकाला पेढा आणि पेढ्यासोबत एक वाक्य. "नॉर्मल झाली भैया! एक टांका नहीं!"

हे वाक्य मला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. लेबर रूमचं दार उघडून सिस्टर म्हणाली होती, "बधाई हो, लड़की है, नॉर्मल है. सिर तो पूरा पापा पर गया है." नॉर्मल म्हणजे पोट कापलं नाही. पोट कापलं नाही म्हणजे काहीच कापलं नाही. एवढं सरळ गणित मांडून मी घराण्याच्या ग्रुपवर लिहून टाकलं : "कन्यारत्न. नॉर्मल. एकही टाका नाही. घराण्याची परंपरा कायम." आमच्या घराण्यात आजवर कोणा बाईचं ऑपरेशन झालेलं नाही, हा आमचा जुना माज. अकोल्याच्या आत्याने हात जोडलेले पाठवले. वहिन्यांनी फुलं पाठवली. मी प्रत्येक फुलाला उत्तर दिलं.

सिस्टर

पेढे वाटून मी दवाखान्यात आलो तेव्हा स्नेहल कुशीवर वळून झोपली होती. सिस्टर आली, पडदा ओढता ओढता म्हणाली, "चलो दीदी, टांके देखना हे."

मी हसलो. "सिस्टर, दूसरे बेड का होगा. हमारा तो नॉर्मल है."

सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. ती छत्तीसगढी, बोलायला मोकळी. "हव भैया, नॉर्मल हे. अउ टांका घलो हे. नीचे." म्हणजे नॉर्मलही, आणि टाकेही. मग पडद्याच्या आतून तिचा आवाज आला, "तोर आदमी ला कुछू नइ पता का, दीदी?"

पडद्याबाहेर मी उभा होतो. हातात एक पेढा उरलेला.

ती गेल्यावर स्नेहलने सांगितलं. हळू आवाजात, छताकडे पाहत. बाळ यायच्या बेतात होतं. कोणीतरी इंजेक्शन दिलं, कशाचं ते सांगितलं नाही. मग डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "बस, थोड़ा सा." मग आवाज आला. "जाड कापड कापतात ना सदर बाजारात, कैचीनं, तसा आवाज. मले वाटलं काहीतरी पट्टी कापून राहिले. मग समजलं, ते मलेच कापून राहिले."

मी चीर शोधणारा माणूस. तरीही माझ्या घरच्या बाईला कापलं, शिवलं, आणि ते मी सोडून सगळ्या वॉर्डाला ठाऊक होतं. माझ्या तोंडून काय निघावं? "पण मी तर ग्रुपवर टाकलं."

स्नेहलने छतावरची नजर माझ्याकडे वळवली. म्हणाली, "काहून कापलं, ते विचारा ना. बाळाले काही झालं होतं का? का मीच नीट जोर लावला नाही?"

हा तिचा प्रश्न. पुढचं सगळं दुखणं या प्रश्नाच्या भोवतीच फिरलं. मी म्हटलं, विचारतो. आणि विचारलं नाही. मॅडम घाईत दिसल्या, बाकी लोक उभे होते, आणि असल्या जागेविषयी बाईमाणसाला कसं विचारायचं हे मला कळेना.

घरी येताना मी आणखी एक शहाणपणा केला. पाचवीसाठी बाळाचे चांदीचे वाळे सदर बाजारात सोनाराकडे टाकलेले होते. ऑटोवाल्याला म्हटलं, "बस उधर से निकाल लो, रास्ते में ही है." ज्याने सदर बाजार पाहिला आहे त्याला कळेल. गाडीला गाडी लागलेली, ब्रेक, धक्का, परत ब्रेक. स्नेहल एका हाताने बाळ आणि दुसऱ्या हाताने ऑटोचा दांडा धरून सीटवरून अर्धी उचललेली होती. मी समोर ऑटोवाल्याशेजारी बसून वाळ्यांना घुंगरू किती असावेत यावर बोलत होतो. ऑटोवाल्याने आरशात पाहिलं आणि गाडी बाजूला घेतली. "भैया, दीदी को तकलीफ है. मैं धीरे चलाऊँगा, आप चाँदी बाद में ले लेना." त्याला दिसलं. मला दिसलं नव्हतं.

आईला काय सांगितलं

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण गोंदियाला सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. म्हणून स्नेहल इथेच, चौबे कॉलोनीत, माझ्या आईच्या हवाली. आई मूळची अकोल्याची. बाबांच्या रेल्वेच्या नोकरीमुळे रायपुरात आली, पण बाळंतिणीच्या बाबतीत अजून अकोल्यातच आहे.

स्नेहल म्हणाली, "आईले सांगून द्या टाक्यांचं. मले लाज वाटते."

लाज मलाही वाटत होती, पण ते बायकोला कसं सांगणार? शिवाय आईने तोवर सगळ्या चौबे कॉलोनीत सांगितलं होतं की माझ्या सुनेला एकही टाका नाही. मी स्वयंपाकघरात गेलो. आई डिंक तळत होती. मी म्हटलं, "आई, स्नेहलचं जरा... कंबर दुखते."

"कंबर?"

"हो. म्हणजे, कंबरेच्या आसपास."

"बाळंतिणीची कंबर दुखनच," आई म्हणाली. "शेक द्यावा लागन."

झालं. टाक्यांची कंबर झाली.

कंबरेला शेक म्हणजे बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी. आईने मला कोळसा आणायला पिटाळलं. दुकानात जायचा कंटाळा, आणि आमच्या कारखान्यात भट्टीतून निघणारा जळका कोळसा ढिगाने पडलेला. म्हटलं, फुकट आहे, काळा आहे, कोळसाच आहे. पोतं भरून आणलं. आईने शेगडी भरली, फुंकलं, रॉकेल शिंपडलं. रॉकेल पेटलं आणि विझलं. कोळसा होता तसाच. ज्याच्यातला जीव भट्टीने आधीच काढून घेतला होता तो शेगडीत काय पेटणार? आई डोळे पुसत म्हणाली, "तुह्या कंपनीचा कोयसा तुह्यासारखाच हाय. नुसता काया. पेटत काही नाही."

पुढे डॉक्टरांनी सांगितलं की त्या जखमेवर शेगडीचा शेक बसला असता तर फार वाईट झालं असतं. एवढ्या सगळ्या प्रकरणात माझ्या हातून झालेलं एकमेव चांगलं काम म्हणजे तो न पेटलेला कोळसा.

पाचवी आणि छठी

आमची पाचवी असते. पाटा-वरवंटा मांडतात, सटवाईची पूजा होते, बाळंतीण बाळ मांडीवर घेऊन पाटावर बसते आणि बायका ओवाळतात. आजूबाजूच्या छत्तीसगढी घरांत छठी असते. आम्ही रायपूरचे मराठी लोक दोन्ही करतो. पाचवी आपली म्हणून, आणि छठी शेजारच्या काकीला वाईट वाटू नये म्हणून. म्हणजे स्नेहलला लागोपाठ दोन दिवस पाटावर मांडी घालून बसायचं होतं.

पाचवीला ती बसली. आई म्हणाली, "कंबर ताठ ठेव बाई, मंग दुखत नाही." स्नेहलने माझ्याकडे पाहिलं. मी मोबाईलवर फोटो काढत होतो. म्हटलं, "जरा हसून बस ना." ते फोटो आजही आहेत. त्यात स्नेहलचे दोन्ही हात पाटाच्या कडांवर रोवलेले दिसतात. काढताना मला वाटलं, किती ऐटीत बसली आहे.

दुसऱ्या दिवशी काकी कांके पानी घेऊन आली. जडीबुटी आणि गुळाचं हे कडू-तिखट पाणी इकडे बाळंतिणीला देतात आणि आलेल्या-गेलेल्यांनाही पाजतात. परत पाट, परत मांडी, परत बायका. अर्ध्यातच स्नेहल म्हणाली, "मी उठते." उठताना तिने माझा खांदा धरला आणि तिची नखं मला शर्टातून लागली.

संध्याकाळी तिला थंडी वाजली. अंग तापलं. बाळाला पाजायला घेतलं तर तिला बसवेना. ती मला म्हणाली, "मंगेश, काहीतरी उसवलं." लग्न झाल्यापासून तिने मला नावाने हाक मारलेली नव्हती.

तेव्हा मी आईला सांगितलं. एका दमात, स्वयंपाकघराच्या दारात, जसं सुचेल तसं. आईच्या हातातला झारा तसाच राहिला. "टाके हायेत? खाली?" ती म्हणाली. "आणि मी दोन दिवस त्या पोरीले पाटावर बसवून राहिली?" मला वाटलं, आता मला मारते. पण ती माझ्याकडे न पाहता आत गेली, स्नेहलच्या उशाशी बसली आणि तिचे केस मागे करत राहिली.  

मॅडम

टाके दोन जागी सुटले होते आणि जखम पिकली होती. मॅडमनी ती साफ केली. पडद्याबाहेर उभं राहून मी जे ऐकलं ते लिहीत नाही. मग त्यांनी सांगितलं की परत शिवायचं नाही, आतून भरत येऊ द्यायचं, औषध, स्वच्छता, कोमट पाण्याच्या टबात बसणं, कुशीवर झोपून पाजणं, आणि पाट बिलकूल नाही.

मी घरून भाषण तयार करून नेलं होतं. आमच्या कारखान्यात लोखंडाचा तुकडा कापायचा तरी का कापला ते लिहावं लागतं. कारण लिहिलं नाही तर दुसऱ्या दिवशी तपासनिसाला साहेबांपुढे उभं राहावं लागतं. हेच उदाहरण देऊन मॅडमना गार करायचं, असा माझा बेत. "मैडम," मी सुरुवात केली, "मैं क्वालिटी में हूँ. हमारे यहाँ जब कोई पीस..."

"थांबा हो," स्नेहल म्हणाली. ती कॉटवर कुशीवर पडली होती, तोंड मॅडमकडे. "मैडम, मुझे काटा क्यों?"

 मॅडम स्टूल ओढून तिच्या तोंडासमोर बसल्या. माझ्याकडे त्यांची पाठ.

आधी त्यांनी कारणं सांगितली. बाळाचे ठोके कमी व्हायला लागले आणि क्षणही घालवता येत नसला, तर. चिमटा किंवा व्हॅक्यूम लावायचा असला, तर. खांदा अडकला, तर. किंवा मागच्या बाजूपर्यंत मोठं फाटेल असं दिसलं, तर. तेव्हा कापावं लागतं, आणि तेव्हा तो काप चांगलाच असतो. मी मनात एकेका कारणावर खडूची खूण करत होतो. यातलंच एखादं निघू दे.

"और मेरे में?" स्नेहलने विचारलं.

मॅडमनी हातमोजे काढून बाजूला ठेवले. मग म्हणाल्या, "सच बोलूँ? तुम्हारे में इनमें से कुछ नहीं था. बच्ची ठीक थी. तुम भी अच्छा ज़ोर लगा रही थीं."

"फिर?"

"पहली डिलीवरी थी. हमको सिखाया ही ऐसे गया था कि पहली है तो कट दे दो. सीधा कटा हुआ सिलना आसान, टेढ़ा फटा हुआ मुश्किल. बाद में समझ आया कि ज़्यादातर को लगता ही नहीं. थोड़ा फटे भी, तो अक्सर कट से अच्छा भरता है. यह मुझे मालूम है. पर हाथ की आदत मालूम होने से नहीं जाती. और उस दिन दूसरे टेबल पर भी एक तैयार थी."

मला धक्का कशाचा बसला हे अजून नीट सांगता येत नाही. मी दोन गोष्टींची तयारी करून आलो होतो. एकतर बाळ धोक्यात होतं असं ऐकेन आणि हात जोडेन, नाहीतर चूक झाली असं ऐकेन आणि भांडेन. हे तिसरंच होतं. कारण नव्हतंच. सवय होती. माझ्या बायकोच्या शरीरावर कोणाच्या तरी हाताची सवय चालून गेली होती. आणि सांगणारी बाई खोटं बोलत नव्हती, म्हणून तिच्यावर ओरडताही येईना.

स्नेहल म्हणाली, "मुझसे पूछना था."

"हाँ," मॅडम म्हणाल्या. "बताना था, पूछना था. माफ़ करना."

स्नेहलने डोळे मिटले. मला वाटलं रडते आहे. पण ती म्हणाली, "चला, माझ्या जोरात काही कमी नव्हतं." हे मराठीत म्हणाली, स्वतःलाच. इतके दिवस ती ही शंका डोक्यात घेऊन झोपत होती, आणि मी तिला हसून बसायला सांगत होतो.

टब

मी सदर बाजारातून निळा टब आणला. स्कूटरवर ठेवायला जागा नाही, म्हणून डोक्यावर उलटा घालून आणला. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी माझ्या डोक्यावर नीट बसलं. स्नेहलने गॅलरीतून ते पाहिलं आणि हसली, आणि हसताना दुखलं म्हणून मला शिव्या दिल्या. शिव्या ऐकून मला फार बरं वाटलं.

भरून यायला बरेच दिवस लागले. सकाळ-संध्याकाळ पाणी कोमट करणं माझ्याकडे. आईकडे डिंकाचे लाडू आणि पहारा. शेजारची काकी आली की आई दारातच सांगायची, "बहू लेटी है, उसको टांके हैं." मोठ्याने. जिन्याखालच्यांनाही ऐकू जाईल असं.

एक गोष्ट वाचणाऱ्यांसाठी. हे वाचून काप म्हटला की नकोच, असं ठरवू नका. बाळ अडलं असेल तर तोच काप त्याला वाचवतो. पण आधीच, पोट मोठं दिसू लागलं की, डॉक्टरांना विचारून ठेवा : तुम्ही सगळ्यांना देता, की गरज पडली तरच? देताना तिला सांगाल का? आणि बाळंतपणानंतर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, ताप आला, वास आला, तर कोणाची पूजा अडली तरी चालेल, दवाखान्यात जा. आणि घरात सांगताना जागेचं नाव घ्या. कंबर म्हणू नका.

ग्रुप

बरी झाल्यावर एक दिवस स्नेहल म्हणाली, "आता ग्रुपवर नीट करा."

मी लिहायला बसलो. "किरकोळ तांत्रिक बाबीमुळे..." तिने वाचलं आणि पुसलं. "काही प्रमाणात टाके..." पुसलं. मग तिने माझ्या हातातून मोबाईल घेतला आणि आवाजच पाठवला. "मी स्नेहल बोलून राहिली. यायनं लिहिलं होतं एकही टाका नाही. होते. खाली. मले न विचारता कापलं होतं, आणि ते पिकलंही. आता ठीक आहे. कोणाच्या सुनेचं, पोरीचं असन तर आधी विचारून ठेवा, म्हणून सांगते."

ग्रुप गप्प झाला. आमचा ग्रुप कधी गप्प नसतो, तिथे सकाळचा चहादेखील फोटोसकट येतो. मला वाटलं, झालं, आता काका लोक बाहेर पडणार.

मग आत्याचा आवाज आला. अकोल्याची आत्या, जिने हात जोडलेले पाठवले होते. "मलेही होते पोरी. दोन्ही खेपेले. आमच्या यायलेही माहीत नाही." मग नागपूरच्या वहिनीचं : "मला पण. मी दीड महिना उभ्याने जेवले." मग दुर्गची, जी कधीच काही बोलत नाही, तिने फक्त एक हात वर केलेला पाठवला. त्याच्याखाली आणखी एक हात. आणखी एक. घराण्याची परंपरा खरंच कायम होती. कोणती, ते मला तेव्हा समजलं.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे सगळं ऐकत होती. मी तिच्याकडे पाहिलं.

"मले काय पाहतं?" ती म्हणाली. "तुह्या वेळी मलेही होते."

"काहून?" स्नेहलने विचारलं.

"डाक्टरीण म्हणे, पोराचं डोकं लय मोठं हाय." आई येऊन माझ्या शेजारी बसली. "तेव्हापासून मी याच्या डोक्यालेच दोष देऊन राहिली. टोपरं शिवलं तरी तेच आठवे. पण तू त्या मॅडमले इचारलं ना, तेव्हापासून मनात येऊन राहिलं. आपुन तर कोणाले इचारलंच नाही."

मग तिने दोन्ही हात माझ्या डोक्यावर ठेवले. कपाळापासून मागपर्यंत, कानाकानावरून, सावकाश चाचपून पाहिलं, खरबूज घेताना पाहतात तसं.

"एवढं काही मोठं नाही," आई म्हणाली.